बोर्लीत बोर्लीकर कुठून मिळणार?

आज केपटाउनहून आलेली एक बाई माझ्या बोर्ली पंचतनच्या दुकानात शिरली. आडनाव बोर्लीकर. तिचे पणजोबा दुष्काळात आफ्रिकेला गेले आणि तिथेच ओसाड माळावर घर बांधून राहिले. त्यांचं इथलं घर तिला शोधायचं होतं.

मी फाडकन सांगितलं, "बोर्लीत बोर्लीकर कुणीच नाही."

तिचा चेहरा पडला. माझे चाचा माझ्यावरच उखडले. "अरे, गावात राहून गावाचं आडनाव कोण लावतो? बाहेर गेल्यावर लावलं असंल. काम काय करायचा ते विचार!"

"नाव इब्राहिम. गलबतं बांधायचे," ती म्हणाली.

"मग गलबतं बांधणाऱ्यांची चारच घरं बघायची!" चाचांनी चपला घातल्या.

दोघं अजून मोहल्ल्यात दारं वाजवतायत.

गलबतं बांधणाऱ्या, परत न आलेल्या इब्राहिमचं नाव तुमच्या घरी कुणी काढतं का? लगेच कळवा. त्याची पणती आली आहे.