झटके खाणारी गाडी

मनीषाचा फोन आला तेव्हा मी जुन्नरच्या एसटी स्टँडवर निमगाव साव्याच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. "मामा, आई गेली," एवढंच ती म्हणाली. आक्काला बरं नाही म्हणून मी तिला भेटायलाच निघालो होतो... महिना उलटला, पण ती राहून गेलेली भेट मनातून जात नाही.

आक्का माझी थोरली बहीण. नव्वदच्या दशकात दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, अर्धांगवायू झाला आणि उजवी बाजू लुळी पडली. व्यायामाच्या उपचारांसाठी त्यांना दर आठवड्याला जुन्नरला आणावं लागे, आणि एसटीची पायरी त्यांना चढवेना. तेव्हा आक्काने एक जुनी पेट्रोल मोटार घेतली आणि चाळिशी ओलांडलेली ती बाई पदर खोचून गाडी शिकली. लोक बांधावर उभं राहून बघत. दाजी शेजारी बसून डाव्या हाताने वळणं दाखवत. त्या वर्षी त्यांचा पाय खरंच थोडा उचलला जाऊ लागला होता.

मग गाडी अडखळू लागली. उभी असताना इंजिन नीट चाले, वेगात असतानाही तक्रार नसे. पण हळू चालताना ॲक्सिलरेटर दाबला की ती झटके खायची, मरगळायची आणि मग एकदम पुढे उसळायची. नारायणगावच्या मेकॅनिकने प्लग बदलले, फिल्टर बदलला, तरी तेच. शेवटी तो म्हणाला, "वहिनी, गाडीत काय न्हाई. तुमी क्लच लवकर सोडता." घरचेही तेच म्हणू लागले. आक्काचा स्वतःवरचा विश्वास उडत चालला.

एकदा नारायणगावला हायवे ओलांडताना मी मागे बसलो होतो. रस्ता मोकळा बघून आक्काने गाडी पुढे घेतली आणि ती ऐन मध्यावर झटके खात रेंगाळली. दाजींच्या बाजूने ट्रक येत होता. ट्रकवाल्याने कसाबसा काढून घेतला, आमची गाडी उसळून पलीकडे गेली. कुणाला खरचटलंही नाही. पण दाजींनी दाराची कडी धरली होती, ती जुन्नर येईपर्यंत सोडली नाही. पुढच्या आठवड्यात ते गाडीत बसेनात.

आक्का मेकॅनिककडे जाऊन बसली. "माझं चुकत आसंल तर दाखवा. पर आधी तुमी सोता हळू चालवा आन् एकदम दाबून बगा." त्याने चालवली, गाडीने त्यालाही तसेच झटके दिले. मग त्याने कार्बोरेटर उघडा केला आणि इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटरची तार हाताने ओढली. आत पेट्रोलची चिळकांडी उडायला हवी होती, ती उडेना. ती उडवणारा छोटा रबरी पडदा चिरला होता. वेग घेताना हवा आत जायची, पण तिच्या जोडीला लागणारं जास्तीचं पेट्रोल मिळायचं नाही.

नवा पडदा बसवून आक्का घरी आली. "सापडलं. माझ्या पायाचं नव्हतं," ती दाजींना म्हणाली.

"मला ठावं व्हतं."

"मग चला की उद्या."

दाजींनी भिंतीकडे तोंड केलं. ते पुन्हा कधी गाडीत बसले नाहीत. सुधारू लागलेला पाय परत जड झाला आणि पुढच्या हिवाळ्यात ते गेले.

त्यांना भीती स्वतःच्या जिवाची वाटली, की आपल्यापायी बायकोही जाईल याची? हे आक्काला शेवटपर्यंत कळलं नाही. ती मला विचारत राहायची. "गाडीचं उघडून बघता आलं रं," ती एकदा म्हणाली आणि उठून आत गेली.

परवा मनीषा मला महाळुंगे पडवळला, तिच्या सासरी, तिच्या गाडीतून घेऊन गेली. फाट्यावर वळण्याआधी ती थांबली, दोन्हीकडे पाहिलं आणि डावा हात माझ्या छातीपुढे आडवा धरला. मी तिच्याकडे पाहिलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं.

"आई धरायची," ती म्हणाली. "शेजारी कुणी नसलं तरी धरायची."