उंच माणसाची शिडी

आमच्या लग्नात अंतरपाट धरणाऱ्या दोघांचे हात दुखून आले होते. त्यांनी कितीही वर धरला तरी नवरदेवाचं तोंड पाटाच्या वरच. शेवटी गुरुजी मंगलाष्टक मध्येच थांबवून म्हणाले, "नवरदेव, जरा गुडघ्यात वाका." सगळा मांडव हसला. अंतरपाट दूर झाला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर नवऱ्याचा चेहरा नव्हता, सदऱ्याचं दुसरं बटण होतं. हार घालायला मला पाटावर पाट ठेवून उभं केलं. लग्नाला आलेल्या फुलंब्रीच्या बाया पुढं कितीतरी दिवस म्हणायच्या, ज्वारीच्या ताटाशेजारी भुईमूग पेरला म्हणून.

ह्यांचं नाव बद्रीनाथ, पण गल्लीत सगळे तात्या म्हणतात. एसटीत कंडक्टर होते. जुन्या लाल गाडीचं छत ह्यांच्यासाठी केलेलंच नव्हतं, त्यामुळं उभी नोकरी मान तिरपी करून काढली. अजूनही घरात उभे राहिले की मान डावीकडं कलते. पैठण, बिडकीन, फुलंब्री, कुठल्याही स्टँडवर म्हाताऱ्या माणसांची गाठोडी टपावर चढवायची असली की हे जमिनीवर उभं राहूनच वर सरकवायचे. हमाल रागवायचे. माणसं आशीर्वाद द्यायची.

सिडकोत आम्ही घर घेतलं तेव्हा सुताराने विचारलं, "फळ्या कुठं मारू?" ह्यांनी उजवा हात वर केला आणि म्हणाले, "हितं." झालं. तेव्हापासून आमच्या घरातली प्रत्येक फळी, प्रत्येक खुंटी, प्रत्येक दाराची कडी ह्यांच्या हाताच्या मापाची. मिठाची बरणीसुद्धा मला टाचा उचलल्याशिवाय मिळत नाही. देवघर तर ह्यांच्या डोळ्यांच्या रेषेत बसवलेलं. मला देवांचे पाय तेवढे दिसायचे. नमस्कार पायांनाच करायचा असतो, म्हणून मी काही बोलले नाही. बाकी सगळ्याला मात्र हाका मारायच्या. आवं, डाळीचा डबा द्या. आवं, कडी काढा. आवं, ते माळ्यावरचं पातेलं.

आणि मी एकटीच नव्हे, अख्खी गल्ली हाका मारायची. कुणाची ट्यूब गेली, कुणाचा आकाशकंदील टांगायचा राहिला, कुणाच्या जाळीत पतंग अडकला, की तात्या. नळाला पाणी यायच्या दिवशी तर ह्यांची फेरीच असायची. टाकीचं झाकण उचलायचं, आत डोकावायचं आणि ओरडायचं, "झाली हो, बंद करा मोटार!" चहा घेतल्याशिवाय कुणी सोडायचं नाही. घरी येईपर्यंत ह्यांच्या पोटात इतका चहा झालेला असायचा की माझा चहा वाया. मी वरून करवादायचे. आतून मला ह्या माणसाचा फार अभिमान होता आणि तो मी कधी लपवलाही नाही. भाजीवालीपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगायचे, आमच्या गल्लीत कुणी स्टूल विकतच घेत नाही.

मग ह्यांचा उजवा खांदा आखडला. आधी दुखला, मग रात्री झोपू देईना, मग हात कानाच्या वर जायचाच बंद झाला. डॉक्टर म्हणाले, दुखणं जाईल, पण वरची कामं विसरा. ह्यांनी मान हलवली. बाहेर येऊन मला म्हणाले, "त्याला काय कळतंय." पण दुसऱ्याच दिवशी डाव्या हाताने डबा काढताना अर्धा किलो शेंगदाणे ह्यांच्या अंगावर सांडले.

गल्लीला कळलं आणि गल्लीने समजूतदारपणा दाखवला. हाका बंद. कुणी वायरमनला बोलवी, कुणी भाच्याला. रस्त्यात भेटले की विचारायचे, "खांदा काय म्हणतो, तात्या?" आणि पुढं जायचे. तो समजूतदारपणा ह्यांना खांद्यापेक्षा जास्त दुखला. उजवा हात पँटच्या खिशात घालून ओट्यावर बसून राहायचे. पाण्याच्या दिवशी मोटारी चालू व्हायच्या, टाक्या भरून वाहायच्या, रस्त्यावर ओहोळ यायचा, आणि हे नुसते बघायचे.

नवरात्र तोंडावर आलं होतं. घरोघरी दसरा काढायचं, म्हणजे साफसफाईचं, चाललेलं. गोधड्या, सतरंज्या बाहेर, माळ्यावरची भांडी अंगणात. समोरच्या यमुनाबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहतात. त्यांनी पंख्याची धूळ काढायची म्हणून खुर्चीवर बादली पालथी घातली आणि तिच्यावर चढल्या. आम्ही आवाज ऐकला तो बादलीचा. धावत गेलो तर यमुनाबाई जमिनीवर, चष्मा कॉटखाली आणि ओलं फडकं पंख्यावर लोंबतंय. हाड मोडलं नाही एवढं नशीब. घोटा मात्र टम्म सुजला.

"मला हाक मारायची की," हे म्हणाले.

"अहो, तुमचा खांदा असा. तुम्हाला कशाला त्रास?" यमुनाबाई कळवळत म्हणाल्या.

घरी येऊन हे ओट्यावर टेकले. मग म्हणाले, "मी समोर बसलेलो असून बाई बादलीवर चढली. मग माझा गल्लीला उपयोग काय?" मी काहीतरी समजुतीचं बोलणार होते, पण ह्यांनी चपला घातल्या. "शिडी आणतो," म्हणाले. "घडीची. पक्की. कुणी पडायला नाय पाहिजे."

एकटेच जुन्या मोंढ्याच्या बाजारात गेले. तिथल्या दुकानदाराने ह्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं म्हणे आणि विचारलं, "चाचा, आपकू सीडी कायकू होना? आप तो खुदीच सीडी है." दुकानातली सगळी माणसं हसली. हेही हसले. मग एकेक शिडी उघडून तिच्यावर पाय आपटून बघितला आणि त्यातली सर्वांत दणकट उचलून रिक्षाच्या टपावर बांधून आणली.

लोखंडी होती, लष्करात शोभली असती. हॉलच्या मध्ये उभी करून हे तिच्यावर चढले, दाणदाण पाय आपटले, उतरले आणि छाती काढून म्हणाले, "हत्ती चढला तरी हलायची नाय. चढ बरं तू."

मी निऱ्या सावरल्या. पहिली पायरी माझ्या गुडघ्याशी. कशीबशी चढले. दुसरी त्याहून लांब, आणि पायरी म्हणजे नुसता गोल दांडा, तळव्यात रुतणारा. धरायला वर काहीच नाही. त्या दांड्यावर मी अशी अडकले की वरही जाता येईना आणि खालीही येता येईना. ह्यांनी डाव्या हाताने मला उतरवलं. मग मी शिडी बाजूला ठेवायला गेले तर ती तसूभर सरकली नाही. इतक्या वर्षांचा माझा राग तिथं बाहेर पडला.

"आवं, घर तुमच्या मापाचं, फळ्या तुमच्या मापाच्या, देवघरबी तुमच्या मापाचं. आता शिडीबी तुमच्याच मापाची आणली! तुम्हाला कधी शिडी लागली का? ज्याचा हात पोचत नाय, त्याची असती शिडी."

ह्यांनी डाव्या हाताने शिडी भिंतीशी सरकवली. मला वाटलं, आता जेवणार नाहीत. भाकरी टाकायला स्वयंपाकघरात गेले तर मागून हे आले. गुडघ्यात वाकले, आणखी वाकले, डोकं माझ्या डोक्याच्या पातळीला आलं तेव्हा थांबले. आणि तसेच, बदकासारखे, सगळ्या स्वयंपाकघरातून वर बघत फिरले. फळीपाशी थांबले. देवघरापाशी थांबले. गुडघे कटकट वाजत होते, पण उठायला तयार नाहीत.

"हितनं मिठाची बरणीबी दिसत नाय गं," म्हणाले.

"नाय दिसत. म्हणून तर हाका मारते."

"मला वाटायचं, तुला हाका मारायला आवडतं."

आवडायचंही, हे मी त्या वेळी सांगितलं नाही. राग थोडा शिल्लक होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ती लोखंडी शिडी रिक्षात घालून परत मोंढ्यात गेलो. दुकानदाराला हे म्हणाले, "ही बदलून द्या. आता ही आमची मंडळी चढंल, ती शिडी." दुकानात गिऱ्हाईक भरपूर होतं. नळाचे पाइप घ्यायला आलेली माणसं, रंगाचे डबे घ्यायला आलेली माणसं, आणि मध्यभागी मी, पदर खोचून शिडीवर. लाज वाटली नाही असं नाही. पण हे शेजारी असे उभे होते जसं काही मी भाषणाला उभी राहणार आहे.

पहिली ॲल्युमिनियमची दिली. उचलायला फुलासारखी, पण चढल्यावर नुकत्या जन्मलेल्या वासरासारखी पाय पसरायला लागली. नको. दुसरीच्या पायऱ्या चांगल्या, पण ह्यांनी तिच्या पायाचा रबरी बूट ओढून बघितला तर तो हातातच आला. "आमच्या फरशीवर हा निसटला म्हणजे?" नको. तिसरी उघडल्यावर दोन्ही पायांना जोडणारा मधला अडसर नीट बसेना. दुकानदार म्हणाला, वापरून वापरून बसेल. हे म्हणाले, "तवर माणूस बसंल खाली." तीही नको. प्रत्येक वेळी हे डाव्या हाताची वीत माझ्या नडगीला लावून पहिल्या पायरीची उंची बघत होते. लोक बघताहेत, ह्याचं भान ह्यांना नव्हतं.

चौथी जमली. पहिली पायरी बेताची, बाकीच्या जवळजवळ. पायऱ्या रुंद आणि खरबरीत, चप्पल काढूनही पाय घसरू नये अशा. सगळ्यांत वर दोन्ही पाय मावतील एवढी फळी आणि तिच्या पुढं गुडघ्याच्या वर येणारी धरायची कमान. पाय पूर्ण फाकले की अडसर खट्‌कन बसायचा. मी वर गेले, कमान धरली, मुद्दाम डावीकडं झुकले, उजवीकडं झुकले. हलली नाही. उतरून घडी घातली आणि एका हाताने उचलून दुकानाच्या दारापर्यंत नेऊन आणली.

तरी ह्यांचं समाधान नाही. दुकानदाराचं पोट चांगलं सुटलेलं होतं. हे त्याला म्हणाले, "आता तुम्ही चढा."

"अरे चाचा, मेरेकू कायकू?"

"तुमची चीज हाय. तुमचा भरवसा नाय का?"

बिचारा चढला. शिडी कुरकुरलीसुद्धा नाही. वरून तो म्हणाला, "लेव अब, खुश?" आणि सगळं दुकान पुन्हा हसलं. ह्या वेळी हे हसले नाहीत. समाधानाने मान डोलावत होते.

घरी आल्यावर मी माळा रिकामा केला. कुणाला हाक न मारता. डबे खाली आले, त्यांच्यामागं कधीतरी ठेवलेली माझ्या माहेरची परात निघाली. देवघरातले देव पुसताना पहिल्यांदा त्यांचे डोळे नीट बघितले. शिडीवरून उतरेपर्यंत माझा राग कुठल्या कुठं गेला होता.

संध्याकाळी यमुनाबाईंच्या कामवालीने दारात येऊन विचारलं, "बाई म्हणतात, शिडी देता का? पंखा अजून तसाच आहे."

नुसती शिडी. ह्यांचं नाव नाही. मी ह्यांच्याकडं बघितलं. ओट्यावर बसले होते, उजवा हात खिशात. चेहरा क्षणभर असा झाला की मला त्या कामवालीचा राग आला, जिचा काहीच दोष नव्हता. मग ह्यांनी हात खिशातून काढला, उठले, आणि गल्ली ओलांडून जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "यमुनाबाई! शिडी एकटी जात नसती. पंखा बंद ठेवा. आमच्या आशाबाई येऊ राहिल्या!"

जन्मभर ह्यांनी मला "अगं" म्हटलं. नावाने, तेही बाई लावून, चारचौघांत, हे पहिल्यांदाच. शेजारच्या वच्छलाबाई खिडकीत आल्या. दोन घरं सोडून राहणारे कारभारीभाऊ गाडी पुसायचं थांबून बघायला लागले.

यमुनाबाई पाय उशीवर ठेवून कॉटवर बसल्या होत्या. मी पंख्याखाली शिडी उघडली, अडसर खट्‌कन बसला. हे खाली उभे राहिले, पहिल्या पायरीवर आपला भला मोठा पाय रोवला आणि डाव्या हाताने शिडीचा पाय धरला. मी चढले. वच्छलाबाई मागोमाग दारात आल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, आशाबाई, तुम्ही? आमच्याबी ट्यूबचं बघाल का?"

"बघतील," हे म्हणाले. "उद्या येतो. आमच्या आशाबाईचा हात कुटंबी पोचतो. मी खाली धरतो ना." ह्यांचा आवाज एसटीत तिकीट मागतानाचा होता, शेवटच्या सीटपर्यंत जाणारा. कितीतरी महिन्यांनी ऐकला.

मी वरून खाली बघितलं. ह्यांनी मान पूर्ण मागं टाकली होती आणि चेहरा माझ्याकडं वर केला होता. एवढ्या संसारात हा चेहरा असा, वर बघणारा, मी कधी पाहिलाच नव्हता. नेहमी तोच वरून खाली बघायचा. डोळ्यांत काळजी होती, आणि त्या काळजीहून मोठा अभिमान. "जप," हे म्हणाले. "घाई नाय."

पंखा तोवर पुसून झाला होता. तरी मी फडकं पुन्हा पिळलं आणि एक पातं आणखी एकदा पुसलं.