स्वागताच्या पाटीवरून मी गाळलेल्या मुली

आम्ही जपानात, कावासाकीला राहतो, पण मला तोंड लपवावंसं वाटतं ते गाव तिथून दोन तासांवर, डोंगरात आहे. दरवर्षी आम्ही तिथे सफरचंदं तोडायला जायचो. बागेचे मालक, एक आजोबा, चांगले ओळखीचे झाले होते. गावाच्या वेशीवर स्वागताची नवी पाटी लागणार होती आणि तिच्यावरचा गावाचा इतिहास त्यांनीच जपानीत लिहिला होता. इंग्रजी मजकूर कराल का, असं त्यांनी फार संकोचून विचारलं. मी लगेच हो म्हटलं. फुकटचा भाव मिळत होता ना!

इतिहास छोटासाच होता. देऊळ, रेशमाची गिरणी, गिरणीला लागलेली आग, तीत गेलेल्या कामगार मुली आणि नंतर आलेल्या बागा. आग आणि मुली मी सरळ गाळल्या. क्लायंटला दाखवायच्या स्लाइडवरून वाईट बातमी काढायची हाताला सवयच, शिवाय म्हटलं, या बसा म्हणताना अभद्र कशाला? आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. मजकूर एवढासाच कसा, असं त्यांनी विचारलं, तर इंग्रजीत शब्द कमी लागतात, असं मी ठोकून दिलं.

पुढच्या वर्षी ते आम्हाला मुद्दाम पाटी दाखवायला घेऊन गेले. माझी मुलगी कावासाकीच्या जपानी शाळेत शिकते. तिने दोन्ही मजकूर वाचले आणि त्यांच्यासमोरच जपानीत विचारलं,

"बाबा, इंग्रजीत त्या मुली कुठे आहेत?"

मी तिच्यावरच मराठीत डाफरलो. केवढा हा माझा निर्लज्जपणा! मग मान खाली घालून आजोबांना सांगितलं की मीच काढल्या.

ते चिडले नाहीत. त्या मुलींत त्यांची थोरली बहीण होती. बाहेरून येणाऱ्यांनीही तिच्याबद्दल वाचावं, एवढ्यासाठीच त्यांनी गावच्या ऑफिसात इंग्रजीचा हट्ट धरला होता. आणि हे सांगून, माझ्यापुढे कमरेत वाकून ते म्हणाले, "मी आधी सांगायला हवं होतं. माफ करा."

शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. पाटी बदलून घेऊ, मी गावच्या ऑफिसात जातो, असं मी परोपरीने म्हटलं. गावाला पुन्हा त्रास नको, म्हणाले. दहा वर्षांनी ती नव्याने रंगवतात, तेव्हा घालू.

आजोबा तेव्हाच सत्त्याऐंशीचे होते.