आमची वरची आणि तिच्या दोन बाजू

रविवार, पंधरा मार्च. उद्या नळाला पाणी येणार, म्हणून आज गच्चीवरची टाकी धुवायला काढली आहे. हे काम आजवर माझ्याकडे नव्हतं. टाकीच्या तोंडातून आत उतरेल एवढी बारीक या घरात एकच व्यक्ती होती, आणि ती आज सकाळच्या बसने प्रशिक्षणाला गेली. तेव्हा बांबूला ब्रश बांधून मी बाहेरूनच जमेल तेवढं घासते आहे. घासता घासता माझं ठाम मत झालं आहे, की साध्या प्रश्नाला साधं उत्तर न देण्यात आमच्या वरचीचा हात धरणारं माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचं नाही.

आमची वरची म्हणजे वरच्या खोलीतली भाडेकरू. पुंडलिकनगरात गच्चीवरची खोली बांधली की विटा वाळायच्या आत तिच्यात स्पर्धा परीक्षेवाला राहायला येतो. ही आली फर्दापूरच्या बाजूने. वडिलांची मेंढरं, घरात मेंढरांमागे न जाणारी ही पहिलीच. आली तेव्हा मराठवाडी साधं बोलायची. मग कुठल्याशा क्लासच्या सरांनी तिला सांगितलं, की मुलाखतीत एकदम मत देऊ नये, आधी दोन्ही बाजू मांडाव्यात. हा सल्ला तिने असा अंगी बाणवला, की तो मुलाखतीपुरता राहिला नाही, जेवणाच्या ताटापर्यंत पोचला. मी विचारलं, "भाजी खारट झालीय का गं?" तर घास खाली ठेवून म्हणाली, "काकू, याला दोन बाजू आहेत. मीठ गरजेचंच हाय. पण अंमलबजावणीत जरा अतिरेक झालाय." आमच्या ह्यांनी एकदा नवा शर्ट दाखवला. तिने शर्टाच्या बाजूने मुद्दे मांडले, विरोधात मांडले आणि शेवटी "सर्वांना विश्वासात घेऊन निर्णय घ्यावा" असं म्हणून वर निघून गेली. ह्यांनी तो शर्ट पुन्हा अंगाला लावला नाही.

संध्याकाळी ती स्वतःच्याच रिकाम्या खोलीच्या दारावर टकटक करायची. "आत येऊ का, सर?" मग थोडं थांबायची, आत जायची, खुर्चीला धन्यवाद द्यायची आणि बसायची. एकदा आमचे हे तिचा पंखा दुरुस्त करायला आत स्टुलावर चढले होते. बाहेरून टकटक झाली, आवाज आला, "आत येऊ का, सर?" हे म्हणाले, "या की!" ही आली, पदर सावरून बसली, हात गुडघ्यांवर. ह्यांनी स्टुलावरूनच विचारलं, "पेचकस कुठं ठेवलास?" तर मान ताठ ठेवून म्हणते, "क्षमा असावी सर, मला याची माहिती नाही. मी जाणून घेईन." पेचकस तिच्याच खुर्चीखाली होता.

हसण्यासारखं असलं तरी हे दुखणं साधं नव्हतं. लेखी परीक्षा ती हमखास पास व्हायची आणि मुलाखतीत पडायची. दुसऱ्या वेळी मुलाखत घेणाऱ्या बाई तिला म्हणाल्या, "हे सगळं ठीक आहे. तुमचं स्वतःचं मत काय?" ही म्हणाली, "मॅडम, माझ्या मताला दोन बाजू आहेत." संपलं. हे सांगताना ती रडायला लागली. रडणाऱ्या माणसाच्या हाताला काम द्यावं, म्हणून मी तिच्यापुढे लसूण सोलायला ठेवला. त्याच आठवड्यात वडिलांचा फोन आला. म्हातारा कडक नव्हता, पण थकला होता. "बाई, आता एक डाव बघ. नाय जमलं तर घरी ये. लेण्याच्या रस्त्याला मामाचं हॉटेल हाय, गल्ल्यावर बस." म्हणजे तिसरी मुलाखत शेवटची.

तिसऱ्या वेळची लेखी ती पास झाली आणि मुलाखतीची वाट बघत असतानाच आमच्या गल्लीत पाण्यावरून जुंपली. आमच्याकडे नळाला पाणी येतं ते सणासारखं, मधे बरेच दिवस टाकून. आलं की प्रत्येक घर थेट नळाच्या पाइपला मोटर लावतं. गल्लीच्या तोंडाशी, आमच्या समोर, बिडकीनचे दादा राहतात. त्यांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आणि तीन मजले उभे राहिले. मोटरही त्याच मापाची. ती सुरू झाली की शेवटच्या घरातल्या सुमनताईंच्या नळाला नुसतं फुसफुस. त्या दिवशी ताई रिकामी घागर घेऊन दादांच्या फाटकाशी आल्या. आवाज चढले. दादांनी वरचीला पाहिलं आणि म्हणाले, "थांबा, मॅडमला विचारा. सांगा मॅडम, दोन्ही बाजू!" गल्ली हसली.

ती जिन्यात उभी होती. म्हणाली, "दादा, याला दोन बाजू नायत."

मी हातातली बादली खाली ठेवली.

"आमच्यात हौदावर पहिली कोकरं सोडत्यात," ती म्हणाली, "मग लेकुरवाळ्या. मेंढा सगळ्यात शेवटी. त्याला आधी सोडलं तर तो पाणी पितोबी अन् चिखलबी करतो."

"म्हंजे आम्हाला मेंढरं समजलीस व्हय?"

"नाय दादा. मेंढरं ऐकत्यात."

पुढे ती सरळ दादांच्या अंगणात गेली, त्यांच्याच टाकीच्या नळाखाली पेला धरला आणि त्यांच्यापुढे केला. "हे प्या." दादांनी पेला नाकाशी नेला आणि तसाच खाली आणला. एवढी मोठी मोटर रिकाम्या पाइपातून ओढते, तेव्हा फुटक्या सांध्यांतून गटारही ओढते, हे तिने त्यांना चार वाक्यांत सांगितलं. चारही वाक्यं एकाच बाजूची. दादांच्या आई खाटेवरून म्हणाल्या, "म्हनून माझं पोट बिघडतंय, मुडद्या!"

तेव्हापासून गल्लीचा नियम झाला. पाणी आलं की आधी कुणीच मोटर लावायची नाही. मग शेवटच्या घरापासून एकेक सुरू करत यायचं, दादा आणि आम्ही सगळ्यात मागे. ती गल्लीच्या मधोमध उभी राहायची आणि मेंढरांना घालतात तशी हाळी घालायची, "हुर्र्याऽ!" हाळीसरशी पुढच्या घराची मोटर सुरू. सुरुवातीला लोक हसले. मग त्यांच्या टाक्या भरायला लागल्या. सगळ्यात कडवे निघाले दादा. दुसऱ्यांच्या मोटरींवर कान ठेवून फिरायचे.

मुलाखतीहून ती आली ती पडलेल्या चेहऱ्याने. "काकू, गेलं सगळं. मी मेंढरांचं बोलून आले." पाणी कमी असलं की ज्याच्याकडे ताकद त्यालाच जास्त मिळतं, तुम्ही काय कराल, असं विचारलं होतं. हिने "याला दोन" इथपर्यंत म्हटलं, थांबली, आणि मग आमची अख्खी गल्ली मांडली; मेंढ्यासकट. "एक साहेब लई हसले," म्हणाली. मी म्हटलं, "रडणाऱ्यापेक्षा बरे. लसूण घे."

निकालाच्या दिवशी माझं दार उघडंच होतं. तरी टकटक झाली. "आत येऊ का?" आली, खुर्चीवर बसली, हात गुडघ्यांवर. मीच विचारलं, "झालं का?" आयुष्यात पहिल्यांदा तिने साध्या प्रश्नाला साधं उत्तर दिलं. "व्हय."

नगर परिषदेची मुख्याधिकारी! आता एका अख्ख्या गावाचं पाणी तिच्या हातात. दादांनी हलगी आणली, पेढे आणले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले, "या पोरीनं पहिला आदेश माझ्यावर काढलाय!" सुमनताईंनी तिला साडी नेसवली आणि गावाहून आलेल्या तिच्या वडिलांना पाणी दिलं. त्यांनी नळाला पाणी कधी येतं असं विचारलं. इतक्या दिवसांनी पाणी येतं हे ऐकून म्हातारा म्हणाला, "अन् ह्याला शहर म्हनत्यात?" गल्ली पोट धरून हसली. मिरवणूक चौकापर्यंत गेली. मीही नाचले म्हणतात. मला तसं आठवत नाही.

आज सकाळी ती बॅग घेऊन फाटकाशी उभी होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "आनंदात चाललीस ना गं?" तिने वर गच्चीकडे पाहिलं, सुमनताईंच्या घरापर्यंत गल्ली न्याहाळली.

"काकू, याला दोन बाजू आहेत."

मी म्हटलं, "बस चुकेल. नीघ."

टाकीच्या तळाचा गाळ काही बांबूने निघाला नाही. राहू दे तसाच.

सोमवार, सोळा मार्च. सकाळी सहाला पाणी आलं. मी खाली आले. सगळे आपापल्या फाटकाशी बटणावर हात ठेवून उभे होते आणि गल्लीच्या मधोमध कुणीच नव्हतं. दादा माझ्याकडे बघत होते, मी दादांकडे. पाणी वाहून चाललं होतं. शेवटी मी पदर खोचला, मधोमध जाऊन उभी राहिले आणि घसा साफ करून ओरडले, "हुर्र्याऽ!"

शेवटच्या घरातली मोटर सुरू झाली.