तीस डोकी आणि सेकंड शिफ्ट

बालवाडीतले किस्से गोळा करावे लागत नाहीत. माळावरून चालून आल्यावर साडीच्या काठाला कुसळं चिकटलेली असतात ना, तसे ते आपोआप घरी येतात. दारात बसून एकेक उपटायचं, आणि सकाळी पुन्हा माळावर!

मी तशी फार बोलत नाही. माहेरी, खेडला, मला "मुकी" म्हणत. लग्न होऊन चिंचवडला आले, तर यांना पहिले पंधरा दिवस वाटत होतं की बायको रुसली आहे! बालवाडी सुरू झाली तसं जेवताना हेच विचारू लागले, "आज काय झालं?" आणि मुकी बोलू लागली.

आमची कामगारवस्ती कारखान्यांच्या मागे. वस्तीच्या मंडळाचा पत्र्याचा एक हॉल होता. लग्नाआधी मी बालवाडीचा कोर्स केलेला. ते सर्टिफिकेट ट्रंकेत शालूखाली पडून राहावं, हे काही मला पटेना. एक दिवस डोक्यावरून पदर घेतला आणि मंडळाचे सेक्रेटरी जगदाळेअण्णा यांच्याकडे गेले.

अण्णा कंपनीत टर्नर. युनियनचे सेक्रेटरीही तेच. सभा मंडळाची असो की गेटवरची, ठराव लिहिणार अण्णाच. कानावर पेन्सिल, काखेत वही. झोपतानाही वही काखेत असते, असं त्यांच्या मंडळीच सांगायच्या.

अण्णा म्हणाले, "बाई, त्या हॉलवर कॅरमवाल्यांचाबी डोळा हाय. थर्ड शिफ्ट सुटली की त्यांना सकाळचे दोन बोर्ड खेळायचे असत्यात. सहा महिने तुमाला देतो. सहाव्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी मी स्वतः मोजायला येणार. तीस डोकी भरली तर हॉल बालवाडीचा. न्हाई भरली तर कॅरमचा."

मी म्हटलं, "बरं."

एवढंच म्हटलं. पण घराची कडी काढताना लक्षात आलं, की मुठी अजून आवळलेल्याच आहेत.

पहिल्या दिवशी आठ मुलं आली. पाच रडली, दोन झोपली आणि एकाने माझी छत्री घरी नेली.

*

कोर्समध्ये शिकवलं होतं, दर महिन्याला पालकांना सूचनापत्रक पाठवावं. मी दुपारभर बसून, खाली कार्बन घालून, सुवाच्य अक्षरात लिहिलं. रुमाल द्या, नखं कापा, डब्यात घरचं द्या. वाटेत हरवू नये म्हणून प्रत्येक मुलाच्या छातीवर सेफ्टीपिनने लावून पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मुलं आली. छातीवर कागद जसाच्या तसा! एकाही घरात कुणी पिन काढली नव्हती. दोघं-तिघं तर कागदासकट झोपलेली दिसत होती.

मुलं घरी सोडायच्या वेळी पवार आले. मिलिंगवर काम करणारे, साताऱ्याकडचे, एवढाले हात. दारातच उभे.

"बाई, आमच्या सुनंदीनं काय केलं?"

"काही नाही केलं. शहाणी आहे."

"मग नोटीस कशापायी? कालपास्नं चाळीत सगळी टरकल्यात. आमच्यात युनियनला विचारल्याबिगर नोटीस हातात घेत न्हाईत. घेतली की लागू झाली!"

पुढच्या महिन्यापासून मी वरचं "सूचना" खोडलं आणि "आठवण" लिहिलं. मजकूर तोच. पवारांनी तो दारातच मोठ्यानं वाचला आणि मान डोलावली.

"आठवण व्हय? मग हरकत न्हाई. आठवणीला कुणी सस्पेंड करत न्हाई!"

*

पण वाचणार किती जण? बाप शिफ्टला, आणि बऱ्याच आयांना अक्षर ओळखीचं नाही. हा प्रश्न सोडवला सुशीलामावशींनी.

मावशी बालवाडीत मदतीला होत्या. त्यांचे यजमान फाउंड्रीत. चाळीतल्या सगळ्या सभांना मावशी पुढच्या रांगेत, आणि आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे. मावशी आणि मी मिळून एक अख्खी बाई होतो. बोलणं सगळं त्यांचं, लिहिणं सगळं माझं.

दुपारी तीनला नळाला पाणी यायचं. मावशी माझा कागद घेऊन तिथं उभ्या राहत आणि आठवणी पुकारत. वाचायला त्या प्रौढांच्या वर्गात शिकल्या होत्या, आणि शिकलेलं वाया घालवायचं नाही असा त्यांचा बाणा होता.

एकदा मीही हंडा घेऊन रांगेत होते. कागदावर मी नऊ आठवणी लिहिल्या होत्या. मावशींचं "तेरावी" ऐकलं तेव्हा मी दचकले.

"तेरावी आठवण! पोरांच्या पुढ्यात नवरा-बायकोनं भांडायचं न्हाई. चौदावी! पोरगी हाय म्हणून दूध कमी द्यायचं न्हाई. बाईंनी बजावून लिवलंय!"

सगळ्या बायकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. काय करणार? लिहायला मलाच सुचलं नव्हतं!

*

नखांची आठवण मात्र एका घरी फारच मनावर घेतली गेली.

दिलीप नावाचा मुलगा होता. त्याचे वडील तपासणी खात्यात. मशीनवरून उतरलेला जॉब, म्हणजे तयार झालेला भाग, मोजायचा, बरोबर असेल तर त्यावर निळ्या पेन्सिलीने खूण करायची, हे त्यांचं काम. सोमवारी दिलीप दोन्ही हात पुढे धरूनच आला. नखं कापलेली, कानशीने घासावीत तशी गुळगुळीत, आणि दहाही नखांवर एकेक निळा ठिपका!

"हे काय रे?"

"पप्पांनी पास केलं."

डाव्या हाताची करंगळी मला जरा वाढलेली दिसली. मी कात्री काढली, तर पोरगं हात मागे घेऊन किंचाळलं, "पास झालेल्या जॉबला हात लावायचा नसतो!"

*

साडेअकराला कंपनीचा भोंगा व्हायचा. जेवणाच्या सुट्टीचा. आमची बालवाडी सुटायची बाराला. पण भोंगा झाला की गोष्टीतला सिंह तोंड उघडून तसाच राहायचा आणि मुलं उठून चपला घालायची!

मी समजावलं, रागावले, भोंग्याआधी दार लावलं. उपयोग शून्य. आई भोंग्यावर भाकरी टाकते, बाप भोंग्यावर उठतो. बाईंचं कोण ऐकतो?

एक दिवस त्यांना अडवलंच नाही. बघू म्हटलं, करतात काय. सगळी मुलं दाराशी ओळीने उभी राहिली आणि पहिल्याने दोन्ही हात आडवे पसरले. कशासाठी, ते मला कळेना.

मावशी हसून म्हणाल्या, "अवो बाई, झडती! गेटवर वॉचमन घेतो न्हवं? आपापल्या बापाला बघितलंय त्यांनी."

आणि मावशींनी खरंच झडती घेतली. निघालं काय? चार खडू, अकरा मणी, एक लाकडी हत्ती आणि माझ्या छत्रीचं बोंड!

तेव्हापासून भोंगा झाला की आम्ही झडती घेऊ लागलो. झडती झाली की उरलेली अर्धी गोष्ट. सामान हरवायचं थांबलं आणि सिंहालाही तोंड मिटता आलं.

*

चौथ्या महिन्यात पटावर बावीस मुलं झाली. पण एका आजींनी मला नळावरच गाठलं. "बाई, तुमाला सोताचं लेकरू न्हाई. तुमाला काय कळतंय लेकरांतलं?"

याला फार छान उत्तर आहे. डॉक्टरला काय आधी गोवर यावा लागतो? पण ते मला सुचलं संध्याकाळी, भांडी घासताना. तेव्हा समोर फक्त कढई होती.

म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले आणि काही न बोलता नातवाचं बोट धरून त्याला घेऊन आले. तेविसावा!

*

थर्ड शिफ्टचा बाप सकाळी घरी येऊन झोपतो. खोली एकच. त्यामुळे त्या आठवड्यात मुलं बालवाडीत वेळेआधी हजर! आया अक्षरशः ढकलूनच देत.

अशोक नावाचा मुलगा दर तीन आठवड्यांनी एक आठवडा कुजबुजत बोलायचा. घरी तशी सवयच. त्या आठवड्यात तो वर्गालाही गप्प करायचा. कुणी मोठ्यानं गायलं की ओठांवर बोट, "शूऽऽ! पप्पा झोपलेत!" एकदा सगळ्या वर्गाने अख्खं बडबडगीत कुजबुजत म्हटलं. भुताटकी वाटावी असं!

मी त्याच्याजवळ बसले आणि माझ्या नेहमीच्या बारीक आवाजात म्हटलं, "अशोक, इथं मोठ्यानं बोललं तरी चालतं."

त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि माझ्या कानाशी लागला.

"बाई, तुमच्या घरी रोजच थर्ड शिफ्ट असती का?"

*

आता शेवटच्या शुक्रवारचं.

सहाव्या महिन्यात पट बरोबर तीस झाला. मी खुशीत. मावशींनी मात्र हजेरीपटावर बोट ठेवलं. "बाई, या आठवड्यात सेकंड शिफ्ट कोणाकोणाला हाय ते बघा."

सेकंड शिफ्टचा बाप दुपारी अडीचला घर सोडतो. परत येतो तेव्हा मूल झोपलेलं. सकाळचे दोन-चार तास काय ती गाठ. म्हणून त्या आठवड्यात बाप मुलाला घरीच ठेवून घेतो. पवारांनीच मला मागे सांगितलं होतं, "बाई, सेकंडला असलो की सुनंदी मला निजल्यालीच दिसती. सकाळची तरी माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या."

मी मोजले. बारा बाप सेकंड शिफ्टला. म्हणजे शुक्रवारी अठराच मुलं. अठरा डोकी, आणि दुसऱ्या दिवशी कॅरम!

मी कागद घेतला आणि आठवणीत एकच ओळ लिहिली: "शुक्रवारी सेकंड शिफ्टच्या वडिलांनी मुलाला घेऊन यावे व मुलाजवळच बसावे."

मावशी म्हणाल्या, "बाप्ये? बालवाडीत? न्हाई यायचे."

"येतील."

"आणि आठवण त्यांना पोचवणार कोण? नळावर बाप्ये नसत्यात."

बुधवारी दुपारी मी आणि मावशी कंपनीच्या गेटवर उभ्या राहिलो. नवी नवरी, हातात अजून लग्नाचा हिरवा चुडा, आणि समोरून सायकलींचा लोंढा! मी लांबून बाप ओळखायची, मावशी सायकल अडवायच्या आणि खिशावर पिनेने आठवण लावायच्या. बाराच्या बारा जणांना लावल्या. वॉचमनला वाटलं, युनियनचा नवा बिल्ला निघाला. तो म्हणाला, "मला न्हाई का एक?"

शुक्रवारी सकाळी नऊला हॉलमध्ये बारा बाप सतरंजीवर मांडी घालून बसले होते. प्रत्येकाच्या मांडीवर आपापलं पोर. दोघे तर कॅरमवाल्यांतलेच! पवारांचे ते एवढाले हात "चिऊताई चिऊताई"ला पंखांसारखे हलत होते.

मी मुलं मोजली. एकोणतीस! एकाला पहाटेच कांजिण्या उठल्या होत्या.

पुन्हा मोजली. एकोणतीसच.

तेवढ्यात अण्णा आले. वही उघडली, कानावरची पेन्सिल काढली आणि मोजायला लागले. मुलं या मांडीवरून त्या मांडीवर. अण्णा सतरापर्यंत पोचले, चुकले. दुसऱ्यांदा तेवीसपर्यंत पोचले, पुन्हा चुकले. घाम पुसला आणि गेटवर लावतात तो आवाज लावला.

"सगळ्यांनी हात वर करा! मी सांगेपर्यंत खाली घ्यायचा न्हाई!"

मुलांनी हात वर केले. आणि बापांनीही केले! इतक्या वर्षांच्या गेटसभा. अण्णांनी हात वर करा म्हटलं आणि हात खाली राहिला, असं कधी झालंच नव्हतं. वर झालेले सगळे हात बघून पवार सवयीनं ओरडले, "ठराव एकमताने मंजूऽऽर!"

टाळ्यांचा कडकडाट! बापांच्या, मुलांच्या, आणि सगळ्यात मोठ्या मावशींच्या.

अण्णा गोंधळले. "अरे, पण ठराव कसला?"

"हॉल बालवाडीला कायम!" पवार म्हणाले. "का हो, मंडळाचे सभासद आमीच न्हवं?"

"मंजूर! मंजूर!" कॅरमवाल्या दोघांचेही हात पुन्हा वर गेले.

मंजूर झालेला ठराव लिहिला नाही, तर अण्णांना त्या दिवशी जेवण गेलं नसतं. ते खाली बसले, पेन्सिल जिभेला लावली आणि लिहू लागले. मुलं किती भरली, ते मला कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

लिहिता लिहिता अण्णा थांबले. "सूचक कोण?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. कागदावर पहिलं नाव आपलं लागावं, असं कुणालाच वाटत नव्हतं. पवारसुद्धा पत्र्याकडे बघत होते.

"सूचकाशिवाय ठराव होत न्हाई. कोण हाय सूचक?"

पुढच्या ओळीत चार वर्षांची सुनंदा उठून उभी राहिली. करंगळी ताठ वर.

"शाब्बास!" अण्णा म्हणाले. "नाव?"

"सुनंदा," ती या पायावरून त्या पायावर उड्या मारत म्हणाली. "लवकर!"

"लिवतोय, लिवतोय. सूचक... कुमारी सुनंदा पवार. हं. आता अनुमोदक?"

तिच्या शेजारच्या तिघांनी एकदम करंगळ्या वर केल्या.