मला दुखतं

सुपरवायझर लोखंडी गज घेऊन माझ्या मागं यायचा आणि कानाजवळच्या पत्र्यावर दाणकन हाणायचा. मी खाली बसायची. दोन्ही कान दाबून पुढंमागं डुलायची. तोंडातून आवाज निघायचा, तो माझा मलाच ओळखू यायचा नाही. मग तो सोबतच्या साहेबांना म्हणायचा, "बघितलं? मेंढरात वाढली, मेंढरूच झाली."

साहेब हसायचे. एकानं तर परत वाजवायला सांगितलं.

चिकलठाण्यातला कारखाना. औरंगाबादेत तेव्हा सारखं कुठं ना कुठं नवं शेड उभं राहत होतं. आम्ही सिल्लोडकडचे धनगर. मेंढरं विकून भाऊ शहरात आला, मुकुंदवाडीत एक खोली केली, मला पॅकिंगच्या कामाला चिकटवलं. मेंढरांमागं मी कधी अशी कोसळले नव्हते. मेंढरांशी डोळ्यात बघून बोलावं लागत नाही. इथं सगळ्यांना माझे डोळे पाहिजे होते. नाही बघितलं की मी माजोरी. बघितलं की नजर येड्यासारखी.

घरी सांगितलं. भाऊ म्हणाला, "चेष्टा करतेत लोकं. तू बी हसायचं."

वहिनी वाईट नव्हती. तिनं कानात घालायला कापूस दिला. पण मला बघायला येणारे पाहुणे चहा पिऊन परत जात होते आणि तिला तिच्या पोरीच्या लग्नाची आतापासूनच धास्ती होती. कारखान्यात गज. घरात पाहुणे. मधल्या रस्त्यावर रिक्षांचे भोंगे. मी संडासात जाऊन बसायची. तिथंही कुणीतरी दार बडवायचं.

माझ्या शेजारी कौसल्या काम करायची. नामांतराचे दिवस होते. ती मोर्चाला जायची आणि लाठी बसलेला सुजका हात घेऊन कामावर यायची. सुपरवायझर तिलाही टोचायचा, "विद्यापीठाचं नाव बदलून तुमच्या पोटात काय पडणार?"

"पोटाचं आम्ही बघू. नावाचं बी आम्हीच बघू," ती म्हणायची.

एकदा मी तिला म्हणाले, "माझ्यासाठी त्याला बोल ना."

"बोलंन की. मग तो म्हणंल, येडीला बोलता येत नाय म्हणून ही बोलती. तू बोल. मी बाजूला हाय."

मला शब्द सापडायला वेळ लागतो. नळावर, भांडी घासताना, मी तेच तेच घोकलं.

पुढच्या खेपेला साहेबांबरोबर त्यांच्या घरच्या बायका होत्या. सुपरवायझरनं गज उचलला. कौसल्या हातातलं काम टाकून माझ्या बाजूला उभी राहिली. मी गज हातात धरला. गार होता. त्याच्या शर्टाच्या गुंडीकडं बघत मी म्हणाले, "वाजवू नका. मला दुखतं. मी खेळणं नाय."

मशिनी चालूच होत्या. एक बाई म्हणाली, "अगं बाई, ही बोलते की!"

संध्याकाळी मला काढून टाकलं. भाऊ कित्येक महिने माझ्याशी बोलला नाही.

लग्न झालं नाही. घरात बसून ब्लाऊज शिवत राहिले. सुपरवायझरला तोंडावर नाही म्हटलं होतं, तरी स्वतःला येडीच समजत राहिले. केस पांढरे झाले तेव्हा भाचीनं दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं सांगितलं, ऑटिझम. जन्मापासूनचा. मला रडू आलं नाही. राग आला. एवढं आयुष्य मी लोकांनी दिलेल्या शिवीत काढलं.

आता आम्ही अशा काही जणी एका खोलीत जमतो. मोठा दिवा लावत नाही. कुणी डुलतं, कुणी भिंतीकडं तोंड करून बोलतं. कुणाला लई बोलायचं असतं, कुणाला काहीच नाही. तिथं मला कान झाकावे लागत नाहीत. दाराबाहेर पडलं की परत तेच.

परवा एका मोठ्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. आयोजक बाई गोड बोलल्या, "तुमच्याबद्दल डॉक्टर बोलतील, पालक बोलतील. तुम्ही फक्त पुढच्या रांगेत बसा, ताई. लोकांना बघू द्या."

आम्ही पुढच्या रांगेत बसणार नाही. स्टेजवर जाणार. आमच्यातल्या एकीला तोंडानं बोलता येत नाही, ती मोबाइलवर लिहिते. तिनं लिहिलेलं मी वाचणार, शेवटच्या शब्दापर्यंत. माईक बंद केला तर ओरडून वाचणार.