डावखुरा पाहिजे

"जेवता कुठल्या हाताने?" हे विचारून विचारून माझं तोंड दुखायला लागलं होतं. उत्तर एकच, उजव्या. डाव्या हाताने जेवणारं पोर आपल्याकडे आजीच्या तावडीतून सुटत नाही, हे हात ओळखायची ती विलायती प्रश्नावली करणाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

नव्वदच्या दशकात बंगळूरच्या एका हॉस्पिटलात मी सायकॉलॉजिस्ट होते. स्किझोफ्रेनियात, म्हणजे भास-भ्रमांच्या गंभीर आजारात, मेंदूच्या रचनेत काय फरक पडतो यावर आमचं काम चाललं होतं. प्रत्येक पेशंटमागे एक कंट्रोल लागे. कंट्रोल म्हणजे त्याच वयाचा, पण निरोगी माणूस. डावखुऱ्यांच्या मेंदूची ठेवण जरा वेगळी असू शकते, म्हणून हातही जुळावा लागे. एमआरआय मशीन दुसऱ्या हॉस्पिटलचं. त्यामुळे आमच्या विभागप्रमुख सरांचा नियम होता, जोडी जमली तरच स्कॅन.

आमचा मारुती डावखुरा. मल्लेश्वरमचा मराठी शिंपी, पन्नाशीचा. औषधांनी त्याच्या कानातले आवाज थांबले होते, तरी थोरला भाऊ त्याला दुकानात घेईना.

"सगळं सोंग आहे. आजाराचा फोटो दाखवा, मग मशीनवर बसवतो," तो म्हणे. मला त्या भावाचा भयंकर राग येई. मारुतीला फक्त त्याचं शिलाई मशीन हवं होतं.

शेवटी मारुतीला घेऊन सरांकडे गेले. "सर, डावखुरा कंट्रोल मिळत नाही."

"मग याला ड्रॉप करा."

मारुतीचा चेहरा पडला. "सर, स्वल्प थांबा ना."

"किती थांबायचं?" सर तापले. माझ्या प्रश्नावलीचा बोळा करून त्यांनी कोपऱ्यातल्या टोपलीत भिरकावला. बरोब्बर आत. डाव्या हाताने!

मारुती खुदकन हसला. "मॅडम, जोडी मिळाली."

"मी उजव्या हाताने लिहितो," सर म्हणाले.

"आणि लहानपणी?" मी विचारलं.

"आजी हात बांधून ठेवायची," सर पुटपुटले. वयही जुळत होतं. सुटका नव्हती.

स्कॅनच्या दिवशी मारुती शांतपणे आत जाऊन आला. सरांना मात्र मशीनची ठकठक सुरू होताच घाम फुटला. आरडाओरडा करून ते बाहेरच आले.

"घाबरू नका सर," मारुती म्हणाला. "हे आवाज सगळ्यांनाच ऐकू येतात." सर मुकाट पुन्हा आत गेले.

मग भावाला बोलावलं. सरांनी दोन फिल्म शेजारी शेजारी लावल्या. "अण्णा, यात आजारी कोण?"

भावाने चष्मा पुसून बोट ठेवलं. "हा. चक्क दिसतंय."

"तो मी," सर म्हणाले. "फरक पुष्कळ पेशंटांच्या सरासरीत दिसतो. एकट्याच्या फोटोवरून सांगता येत नाही. पण म्हणून आजार खोटा ठरत नाही."

भावाने चष्मा काढून खिशात ठेवला. "सरी, बरोबर आहे," तो म्हणाला. "आजारी कोण ते मला ओळखता येईना, तर सोंग कुठून ओळखणार? मारुती, उद्यापासून दुकानात ये."

तेव्हापासून मी प्रश्नावलीवर फारशी विसंबले नाही. माणसाचा हात ओळखायचा तर त्याला आधी चिडवावं.

मारुतीने मशीनवर बसल्यावर पहिला शर्ट सरांना शिवला. खिसा उजवीकडे. सर तो घालून राउंडला आले आणि पेन काढायला त्यांचा डावा हात आपोआप वर गेला.